त्यात काय विशेष

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडतानाही मी हा विषय टाळते — देवाला तो ठाऊक नसेल अशी माझी समजूत आहे म्हणून नव्हे, तर निदान माझ्या तोंडून उच्चार होऊ नये म्हणून. गेली कित्येक वर्षं घरातला फोन वाजला आणि पलीकडे नॉटिंगहॅमचं कुणी असलं, की मी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात देते. नॉटिंगहॅमचा शिक्का असलेलं पाकीट आलं की मी ते आधी खिडकीपाशी उजेडात धरून बघते. आत बहुतेक वेळा हळदीकुंकवाचं आमंत्रण असतं.

मला ओळखणारे म्हणतील, वसुधा आणि भित्री? इथल्या मराठी मंडळाच्या सभेत भल्याभल्यांना खाली बसवणारी बाई ती. हो, तीच मी. आवाज मोठा ठेवला की आतलं कापरं कुणाला ऐकू जात नाही, एवढंच त्यातलं गुपित.

कुठून सुरुवात करू? नलूताईंपासून करायला हवी — आणि नेमकं तिथेच माझं पेन अडतं.

नलूताई भूल देणाऱ्या डॉक्टर. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन मी या देशात आले तेव्हा श्रीधर, माझा नवरा, त्याच हॉस्पिटलात नोकरीला होता, आणि दिवस दिवस घरी नसायचा. पहिल्याच हिवाळ्यात नलूताई दारात उभ्या राहिल्या, हातात त्यांचा स्वतःचा जाड कोट. घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली हवा कशी काढायची ते त्यांनी मला गुडघे टेकून बसून दाखवलं. पुण्याहून आणलेली माझी गणिताची डिग्री ट्रंकेत पडून होती. त्यांनी स्थानिक पेपरातल्या प्रोग्रामरच्या जाहिरातीभोवती लाल पेनाने गोल काढला, आणि मुलाखतीला मला स्वतः गाडीतून घेऊन गेल्या. मुलाखत संपेपर्यंत गाडीत बसून राहिल्या. एवढं कोण कुणासाठी करतं?

मग काही वर्षांनी त्यांनी एक छोटा होम कॉम्प्युटर घेतला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर प्रोग्राम साठवायचा, तसला. रविवारी दुपारी त्या त्याच्यासमोर बसत, आणि अडलं की मला फोन करत. मी त्यांना सांगायची, या ओळीत चूक आहे, इथे असं करा. मला ते आवडायचं. खरं सांगू? त्या मोठ्या डॉक्टर, पण इथे मी जाणकार होते, ते मला फार आवडायचं.

त्यांच्या वॉर्डात एक म्हातारा पोस्टमन आला. जन्मभर सायकल चालवलेला, त्यामुळे नाडी मुळातच संथ. मॉनिटरला सगळ्या पेशंटांसाठी एकच आकडा ठरवून दिलेला — नाडी त्याच्या खाली गेली की घंटा. पोस्टमनदादा अगदी मजेत पडलेले, आणि घंटा आपली सारखी वाजतेय. शेवटी नर्सने ती बंदच करून टाकली. नलूताईंना ते खटकलं. घंटा बंद केल्यावर खरंच काही झालं तर? त्यांनी रविवारच्या दुपारी बसून एक प्रोग्राम लिहिला. मशीनने आधी थोडा वेळ त्या पेशंटकडे नुसतं बघायचं, त्याचं नेहमीचं काय आहे ते शिकायचं, आणि घंटेची मर्यादा त्यावरून ठरवायची. बस, एवढंच. हॉस्पिटलातल्या कॉलिन नावाच्या टेक्निशियनने तो प्रोग्राम छोट्या खोक्यांत बसवून मॉनिटरना तारा जोडून दिल्या, आणि त्यांच्या वॉर्डात ती खोकी चालू लागली.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मी होते. मराठी टाइपरायटर आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. त्यामुळे संपादकाने सगळा अंक सुवाच्य अक्षरात हाताने लिहून काढायचा आणि मग त्याच्या फोटोकॉपी काढून स्टेपल मारायचे, अशी आमच्याकडची रीत. माझं अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. नलूताईंनी त्या प्रोग्रामवर दोन पानं लिहून दिली. शीर्षक होतं ‘ज्याचं त्याला माप’. प्रोग्रामच्या पायऱ्याही त्यांनी क्रमाने दिल्या होत्या, अगदी साध्या मराठीत, स्वयंपाकाच्या कृतीसारख्या.

मी तो लेख अक्षर न् अक्षर माझ्या हाताने उतरवला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेख मी अंकाच्या अगदी शेवटी टाकला, रव्याच्या लाडवांच्या नंतर. का? प्रवासवर्णन पुढे, कविता पुढे, आणि तो लेख लाडवांच्या मागे — का टाकला असेल मी? नलूताईंनी कुरकूर केली नाही. त्या अंक नेहमी मागूनच वाचायच्या, कारण पाककृती मागे असत. म्हणाल्या, बरं केलंस, आता मी मलाच आधी वाचेन.

दिवाळीच्या कार्यक्रमाला चर्चच्या हॉलमध्ये जमलो होतो. कागदी थाळीत चकली, करंजी. कुणीतरी त्या लेखाचं कौतुक करायला लागलं, डॉक्टर असून काय डोकं चालवलंय म्हणून. मी शेजारी उभी होते. आणि मी म्हणाले — जरा मोठ्यानेच — “त्यात काय विशेष? कुणालाही सुचेल.”

नलूताई माझ्या मागेच थाळी घेऊन उभ्या होत्या. मी वळले तर त्या हसत होत्या. “वसुधा म्हणते म्हणजे तसंच असणार. तिची लाइनच आहे ना ती,” असं म्हणून त्यांनी माझ्या थाळीत एक करंजी ठेवली.

त्यानंतर त्यांनी मला प्रोग्रामबद्दल कधी फोन केला नाही. ते माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

आमची बदली केंब्रिजला झाली. तिथे मला एका छोट्या फर्ममध्ये नोकरी लागली. पेटंटच्या भांडणात तांत्रिक बाजू समजावून सांगणारे अहवाल आम्ही करायचो. तोवर सॉफ्टवेअरचीही पेटंटं येऊ लागली होती. नुसत्या प्रोग्रामला ती मिळायची नाहीत, पण प्रोग्राममुळे एखादं यंत्र वेगळं वागू लागलं तर मिळायची. माझ्यापुढे प्रश्न बहुतेक वेळा एकच असे — ही कल्पना, आधी जे जगात होतं ते बघता, उघड होती का? आधी जगात जे काही होतं त्याला आमच्या धंद्यात प्रायर आर्ट म्हणतात. आणि उघड कुणाला? तर त्यासाठी कायद्याने एक माणूस कल्पिलेला आहे. आपल्या कामात तरबेज, पण कल्पनाशक्ती शून्य. या माणसाला स्वतःहून काही सुचत नाही. पण वाचन दांडगं. त्याच्या विषयाचं जे जे जगात कुठेही, कुठल्याही भाषेत छापलं गेलं आणि लोकांना मिळू शकत होतं, ते सगळं त्याने वाचलंय असं धरायचं. मला या माणसाची गंमत वाटायची. मी श्रीधरला म्हणायची, हा पठ्ठ्या मराठीही वाचत असणार, आमच्या मंडळाचा अंकसुद्धा, लाडवांच्या कृतीसकट.

मी हे थट्टेत म्हणत असे. म्हणजे कायदा मला नीट ठाऊक होता. तेव्हा पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे सांगून ठेवते.

दुसरी एक गोष्ट त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. उत्तर माहीत असलं की गणित सोपंच वाटतं. तेव्हा पेटंटमधली कल्पना बाजूला ठेवायची, ती सुचली नव्हती त्या दिवसांत जाऊन बसायचं, आणि मग स्वतःला विचारायचं — या माणसाला इथून तिथे जाता आलं असतं का? मी हे चांगलं करायची. जेफ्री, माझा बॉस, म्हणायचा की वसुधाला विसरायला छान जमतं.

नव्वदीच्या सुरुवातीला एक केस आली. मिल्टन कीन्समधली एक मोठी कंपनी, हॉस्पिटलची यंत्रं बनवणारी. त्यांचं पेटंट होतं, आणि एक छोटा उत्पादक ते मोडतोय अशी त्यांची तक्रार. उत्पादक म्हणत होता, ही कल्पना उघडच होती, हे पेटंट मुळात द्यायलाच नको होतं. आमचं काम कंपनीच्या बाजूने. जेफ्रीने फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, या वेळी रिपोर्टवर तुझं नाव. एक्स्पर्ट म्हणून. माझं नाव पहिल्यांदाच जाणार होतं.

पेटंटच्या शेवटी हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य असतं. ते मी वाचलं. रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या नोंदींवरून इशाऱ्याची मर्यादा ठरवणं, आणि नंतरच्या नोंदी येतील तशी ती मर्यादा हळूहळू सरकवणं.

वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे नलूताईंचं ‘ज्याचं त्याला माप’.

उत्पादकाचं नाव बघितलं. कॉलिन. हॉस्पिटलातली नोकरी सोडून त्याने शेडमध्ये नलूताईंची खोकी बनवायला घेतली होती. नलूताईंनी त्याला सगळं देऊन टाकलं होतं, त्यात काय विशेष म्हणून. पेटंटच्या अर्जाची तारीख मी तीनदा तपासली. आमचा अंक त्याच्या दोन दिवाळ्या आधीचा होता.

त्याच क्षणी मी उठून जेफ्रीकडे जायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. ही माझ्या मैत्रिणीची कल्पना आहे, ती छापलेली आहे, मी स्वतः छापली आहे, मला या केसवर ठेवू नका — एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी उठले, आणि चहा करून आणला.

मला कशाची भीती वाटली ते मी खूप वेळा तपासून पाहिलं आहे. नोकरी जाईल याची नाही, जेफ्री तसा माणूस नव्हता. माझं नाव रिपोर्टवरून जाईल याची वाटली. त्याहून जास्त याची वाटली, की तो अंक टेबलावर आला तर सगळ्यांना कळेल — ही एवढी एक्स्पर्ट, हिने तो लेख हाताने लिहून काढला, आणि तिला त्यात काही दिसलं नाही. मोठ्या कंपनीने जे पेटंट घेतलं ते हिच्या लाडवांच्या मागे पडून होतं.

त्या केसमध्ये आधीचे म्हणून दोन कागद पुढे आले होते. एक, जुन्या मॉनिटरचं माहितीपुस्तक, सगळ्यांना एकच आकडा लावणारं. दुसरा, काचेच्या कारखान्यातल्या भट्टीवरचा लेख, ज्यात तापमानाची मर्यादा हळूहळू सरकवली होती. आता वॉर्डातली यंत्रं करणारा आपला तो कल्पनाशून्य माणूस काचेच्या भट्टीकडे कशाला जाईल? मी लिहिलं, जाणार नाही. अंतर फार आहे. आणि त्या दोन कागदांपुरतं ते खरंही होतं. पण नलूताईंचा लेख मध्ये ठेवला तर? पेशंटचं स्वतःचं माप तिथे आहेच. राहतं फक्त ते सरकवणं. पेशंट दोन दिवस वॉर्डात राहिला की कुणाही टेक्निशियनने ते केलं असतं. पायरी कसली, उंबरठा होता तो.

मी स्वतःची समजूत कशी घातली ते सांगते, कारण त्याची मला अजून शिसारी येते. मी म्हटलं, वसुधा, तुला हे सोपं वाटतंय कारण तुला उत्तर आधीपासून माहीत आहे. तुझी नजर निर्मळ नाही. तेव्हा नियमाप्रमाणे तू ते विसर. किती शिस्तशीर वाटतं ना ऐकायला? विसरायची असते पेटंटमधली कल्पना. आधी छापलेला लेख विसरायचा नसतो, तो तर शोधून काढायचा असतो. मला ते पक्कं ठाऊक होतं. मी नियम उलटा करून अंगावर घेतला.

आणि मग नलूताईंचा फोन आला.

शनिवारची सकाळ होती. मी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. “अगं वसुधा, कॉलिनला सॉलिसिटरचं लेटर आलंय,” त्या म्हणाल्या. “त्याचा सॉलिसिटर विचारतोय, एनीथिंग पब्लिश्ड? माझा तो आपल्या दिवाळी अंकातला आर्टिकल होता ना, तो काउंट होतो का गं? तू पेटंटमध्येच आहेस, म्हटलं तुलाच विचारावं.”

मी दुसऱ्या बाजूला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते सांगून मी फोन ठेवू शकत होते. ताई, मला यावर बोलता येणार नाही, तुमच्या वकिलाला अंक दाखवा — इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझ्या हातात श्रीधरचा ओला शर्ट होता. तो मी पिळत होते, मशीनने आधीच पिळलेला.

मी म्हणाले, “नाही हो ताई. तसल्या अंकाला कोण धरतं? सायंटिफिक जर्नल लागतं. आणि इंग्लिशमधलं.”

हे ते. इतकी वर्षं जे उच्चारलं नाही ते हे एवढंसं आहे.

नलूताईंनी वाद घातला नाही. त्यांनी लगेच मानलं. “हो ना, मलाही तेच वाटलं. आपला घरगुती अंक तो. सॉलिसिटरला सांगितलं असतं तर हसला असता मला.” मग उगीच त्रास दिला म्हणून त्या सॉरी म्हणाल्या, आणि भाजणी पाठवू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. ती भाजणी आली. आम्ही तिची थालीपिठं खाल्ली.

आपली भाषा, आपला अंक, आपली माणसं — हे सगळं घरातलं, बाहेरच्या जगात त्याला काय किंमत, असं आम्हा सगळ्यांनाच इथे मनातून वाटायचं. मला ठाऊक होतं की निदान या एका कायद्यात तसं नाही. इथे मराठीतल्या दोन पानांचं वजन कुठल्याही जर्नलइतकं आहे. आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच होते.

फोन ठेवल्यावर मला दुसरी भीती लागली. मंडळ प्रत्येक अंकाची एक प्रत शहराच्या लायब्ररीला द्यायचं, आणि त्या वर्षीची मीच नेऊन दिली होती. लायब्ररीत आलेल्या प्रत्येक वस्तूवर तारखेचा शिक्का पडतो. घराघरांत पडलेल्या प्रती एकवेळ सोडा — कधी छापल्या, कुणी वाचल्या, यावर वाद घालता येतो. पण शिक्क्याशी वाद कसा घालणार? पुढच्या शनिवारी श्रीधरला सांगितलं की साडी घ्यायला लेस्टरला जाते, आणि ए-वन हायवेने नॉटिंगहॅमला गेले. वाटेत प्रत्येक पुलाखाली वाटायचं, परत फिरावं.

उर्दू, गुजराती, पंजाबी पुस्तकांच्या शेजारी आमच्या अंकांची चळत होती, वितभर. मला माझं अक्षर लांबूनच दिसलं. पहिल्या पानावर जांभळा शिक्का, तारीख स्वच्छ वाचता येणारी. शेजारच्या टेबलावर एक सरदारजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर करून मला सत् श्री अकाल केलं, मी नमस्कार केला. आणि तो अंक माझ्या पिशवीत टाकला. बाहेर पडताना काउंटरवरची बाई म्हणाली, मिळालं का हवं ते? मी थँक यू म्हटलं. गाडीत बसल्यावर पिशवी मी सीटखाली सरकवली.

शपथपत्रावर सही करायला सॉलिसिटरच्या ऑफिसात गेले तेव्हा तो भला माणूस म्हणाला, तुम्ही हिंदू असाल तर मी गीता मागवून ठेवली आहे. त्याने कुठूनशी आणवली होती, इंग्रजी, पेपरबॅक. मी म्हटलं, नको, मी नुसतं गंभीरपणे सांगते, तसंही चालतं ना? चालतं. गीतेला हात लावायचं धाडस मला झालं नाही. मग मी गंभीरपणे सांगितलं की ही कल्पना कुणा कसबी माणसाला उघड नव्हती, आणि ती आधी कुठे छापली गेल्याचं माझ्या माहितीत नाही. खाली सही केली. सही इंग्रजीत असते, अक्षर ओळखू येत नाही.

प्रकरण कोर्टात उभंच राहिलं नाही. माझा रिपोर्ट वाचून कॉलिनच्या वकिलाने त्याला सांगितलं की जमणार नाही. कॉलिनने शेड बंद केली. त्याने बसवलेली खोकी वॉर्डांतून काढावी लागली, नलूताईंच्या वॉर्डातूनही. तिथे पुन्हा जुने मॉनिटर आले, सगळ्यांना एकच आकडा. म्हणजे पुन्हा कुणी संथ नाडीचा माणूस येणार, पुन्हा घंटा वाजत राहणार, पुन्हा कुणी दमलेली नर्स ती बंद करणार. पुढे त्या वॉर्डात काही झालं का? मी कधी विचारलं नाही. श्रीधरच्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जेवायला गेले आणि हॉस्पिटलचा विषय निघाला, की मी भांडी उचलायला उठते.

माझं नाव अर्थातच नलूताईंना कळलं. रिपोर्ट कॉलिनकडे गेला होता. आता काय होतंय म्हणून मी दोन महिने फोनशेजारून हललेही नाही, आणि तो वाजला की उचललाही नाही. शेवटी त्या स्वतःच आल्या. एका रविवारी दुपारी, डब्यात सुरळीच्या वड्या घेऊन. मी चहा टाकला.

त्या म्हणाल्या, “कॉलिन भयंकर अपसेट आहे तुझ्यावर. मी त्याला म्हटलं, शी वॉज डूइंग हर जॉब. वसुधा खोटं लिहिणार नाही. ती जर म्हणते की हे कुणाला सुचण्यासारखं नव्हतं, तर नसेल.” मग त्यांनी माझ्या बशीत एक वडी ठेवली. “पण मग गंमत वाटली. माझ्या वेळी तू म्हणाली होतीस, कुणालाही सुचेल. म्हणजे त्यांच्या कल्पनेत काहीतरी जास्त असणार, जे मला दिसलं नाही. खरं ना?”

मला तेव्हा बोलता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. वरच्या मजल्यावर, कपाटात, साड्यांच्या खाली तो शिक्क्याचा अंक होता. जिना चढून यायला एक मिनिट.

मी म्हणाले, “हो ताई. थोडं जास्त आहे.”

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. स्वतःच्या कल्पनेबद्दल माझा शब्द त्यांनी दोनदा मानला, आणि मी दोन्ही वेळा खोटं बोलले. त्यांची होती तेव्हा मी ती किरकोळ ठरवली. दुसऱ्यांची झाली तेव्हा असामान्य. कल्पना तीच होती. मधल्या काळात तिच्यात काही बदललं नव्हतं, फक्त ती कुणाची हे बदललं होतं. हे माझं निर्णय देण्याचं कसब, ज्यासाठी लोक मला एक्स्पर्ट म्हणत.

मला हेवा वाटला होता, हे त्याचं साधं नाव आहे. त्यांनी रविवारच्या दुपारी टीव्हीसमोर बसून केलं ते मला आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बसून कधी सुचलं नाही. पुढची भीती त्यातूनच वाढली. हे सांगितल्याने काही हलकं होतं असं नाही. कोट, रेडिएटर, लाल पेनाचा गोल — ते सगळं तिथेच राहतं.

या वर्षी नलूताई रिटायर झाल्या. मंडळाने त्यांचा सत्कार केला, त्याच चर्च हॉलमध्ये. मीही चार शब्द बोलले, सगळे हसले, टाळ्या पडल्या. नंतर त्या कुणाला तरी सांगत होत्या की मला कॉम्प्युटरचा नाद होता एकेकाळी, पण ते आपलं काम नव्हे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. घरी येताना गाडी श्रीधरने चालवली.

अंक आता कॉम्प्युटरवर निघतो. नवे संपादक आहेत, त्यांनी मला व्यवसायातला एखादा अनुभव लिहून द्या म्हटलं होतं. हा तो. शिक्क्याचा अंक माझ्यासमोर टेबलावर उघडा आहे, लाडू संपतात तिथे. आपल्या अंकात छापलेलं कुणी धरत नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. छापलेलं धरलं जातं, आणि तारखेनिशी धरलं जातं, हे मला त्या दिवशीही माहीत होतं आणि आजही आहे.

संपादकांचा सकाळी फोन आला. म्हणाले, वसुधाताई, तुमचा मजकूर अजून आलेला नाही, पुढे जागा उरली नाही, पाककृतींच्या नंतर टाकू का? मी हो म्हटलं. अंक पुढच्या आठवड्यात घरोघरी जाईल. नलूताई तो अजूनही मागूनच वाचतात.